आवाज कसा येतो, ते लिहा

नाही नाही ताई, तोंडाने नको, ह्या कागदावर लिहा — आवाज कसा येतो तो. नंबर, मॉडेल राहू द्या, ते मला दिसतंय. स्टिअरिंग फिरवलं की कुरकुरतं, का टकटक करतं, का गुंईं करून रडतं — प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. सगळे येऊन नुसतं 'आवाज येतो' म्हणतात. आवाज काय, जावई पण करतो. — हं, दाखवा. 'कर्र... कर्र'. गाडी पार्किंगमधून काढताना. हळू असतानाच? टकटक नाही ना? मग अ‍ॅक्सल वाचला तुमचा. — काय म्हणालात? जरा इकडे तोंड करून बोला, मागचा तो कंप्रेसर चालू असला की काही म्हणजे काही ऐकू येत नाही बघा. — काय? बंद आहे? कधीपासून?

असू दे. तुम्ही आत बसा आणि स्टिअरिंग फिरवा, सावकाश. मी इथे डाव्या चाकामागे हात घालतो. हाताला कळतं सगळं. कोरडं पडलं असलं की बोटाखाली वाळू भरडल्यासारखं लागतं — लागलं! थांबा, थांबा, पुरे. हा खालचा बॉलजॉईंट, चाक ह्याच्यावर वळतं. वरचं रबर फाटलं, पाणी शिरलं, ग्रीस धुऊन गेलं. असंच चालवत राहिलात तर एक दिवस निखळतो, मग तुम्ही वळवाल एकीकडे आणि चाक जाईल त्याच्या मनाने. — उद्या? लेकीला कॉलेजला सोडायला? डोंगरातल्या रस्त्याने? बरं झालं आज आलात. दोन तासांचं काम आहे. त्या स्टुलावर बसा, पंख्याखाली.

तो एकोणीसचा पाना द्या जरा. — हा नव्हे, त्याच्या शेजारचा. — काय बघताय असं? किती वर्षं ऐकू येत नाही, हेच विचारायचंय ना? ओठांवरून कळतं मला. पंचवीस वर्षं पत्रे ठोकले, ताई, कानात बोळे घालायची कुणाला अक्कल होती. आधी उजवा गेला, मग डावा. कुणाला पत्ता लागू दिला नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडे आवाज दाखवायला कोण येईल? आमची ही यायची ना रोज. लोकांना वाटायचं, वहिनी डबा घेऊन येतात. डबा तर होताच. पण गिऱ्हाईक आलं की ती त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारून यायची, आणि मग माझ्यासमोर उभी राहून तो आवाज तोंडाने काढून दाखवायची. सातवी शिकलेली बाई — पण काय काढायची! म्हणजे मला कुठे ऐकू यायचा, मी आपला तिच्या तोंडाकडे बघायचो. ओठांचा चंबू झाला की स्टिअरिंगचा पंप. जीभ टाळूला लागली की अ‍ॅक्सल. दात दिसले की कोरडा जॉईंट. कधी चुकली नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने बघितलं, त्याला वाटलं मला वेडावून दाखवतेय.

गेली. तीन महिने झाले. — नाही, अपघात नाही, छातीचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, मला ऐकू येईना तसं कागदावर लिहून विचारलं — छातीत घरघर किती दिवसांपासून होती? आता मी काय लिहू? पेनाचं टोपण काढत-लावत बसलो. एका खोलीत झोपणारी आम्ही माणसं. शेजारीण म्हणाली, भिंतीपलीकडून आम्हाला वर्षभर ऐकू येत होतं. वर्षभर! मी विचारायचो हो तिला. दमल्यासारखी दिसतेस, बरी आहेस ना? ती मान हलवायची. मी ते खरं धरून चालायचो. दुनियेच्या गाड्यांचे आवाज तिने मला सांगितले — आणि तिचा तेवढा राहिला. — रडू? नाही आलं. अजून नाही. लोक सांगतात, मन मोकळं करा. आत काही लागायला तर पाहिजे. सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली ओढतो, मधे गाड्या. डबा मीच आणतो, कधी उघडतो, कधी तसाच नेतो. — तुम्ही कशाला डोळे पुसताय? पान्याचं ग्रीस लागलं असेल हाताला, चोळू नका. तो कपडा घ्या.

झालं. नवीन जॉईंट बसला, चाक चढलं. बसा आत, चालू करा. डावीकडे फिरवा, शेवटपर्यंत. आता उजवीकडे. गेला ना आवाज? — मान हलवलीत. बरं. परत एकदा फिरवा. उजवीकडे... अजून... हं. आता गेला? परत मान. वर हसताय पण.

ताई, उजवीकडे टोकाला गेल्यावर तुमचे डोळे बारीक झाले. दातावर दात आले. दोन्ही वेळा. आवाज आहे. उजव्या बाजूलाही आहे. डावा हाताला लागला आणि मी हुशारी मिरवत तिथेच थांबलो, उजव्याला हातच लावला नाही. चूक माझी. पण ती चूक तुम्ही मला सांगायची होती. म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून झाकलीत, आणि उद्या लेकीला शेजारी बसवून ह्याच चाकांवर डोंगर चढणार होतात? मला बरं वाटावं म्हणून मान हलवणारं एक माणूस होतं माझ्या घरात. तेवढं बास झालं.

उतरा. चावी इकडे द्या. उजव्याचा जॉईंट माझ्याकडे नाही, सकाळी स्पेअर पार्टचं दुकान उघडल्यावर मिळेल; आज जुना काढून ठेवतो, लेकीला परवा सोडा. — नाही. — नाही म्हटलं ना. हात जोडून काही होणार नाही. आणि बोलत बसू नका, मी गाडीखाली चाललोय, तिथून मला तुमचं तोंड दिसत नाही.