एकोणपन्नासाव्या सिनेमातला पाऊस

पद्मा, जावईबापू, आणि इथं जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

मला बोलायची सवय नाही, असं मी म्हणणार नाही. पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, सोलापूर-मंगळवेढा. "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून ओरडून घसा तयार झालेला आहे. पण असल्या सभेत माईक हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. मला जरा सांभाळून घ्या. चुकलं तर चुकलं म्हणा, पण मधे थांबवू नका.

मी मल्लिनाथ. जुळे सोलापुरात मुलाकडं राहतो. अंबादास मास्तर माझे मित्र. तुम्हा पूर्व भागातल्या लोकांना मास्तर कोण होते हे मी सांगायला नको. पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. डाईंग मास्तर. टॉवेल-चादरीच्या सुताला रंग देणारे. लडी रंगाच्या हौदातून वर आली की उन्हात धरायचे, आणि नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, अजून दोन मिनिटं बुडवा. त्या डोळ्यांवर सगळा कारखाना चालायचा. डोळे लक्षात ठेवा. मला आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

मास्तर कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, दुपारचा खेळ सुटल्यावर, थेटरासमोरचा रस्ता ओलांडताना टेम्पोची धडक बसली. जागच्या जागी गेले.

मघाशी तिघांनी इथंच उभं राहून सांगितलं की मास्तरांना सोन्यासारखं मरण आलं. शौकीन माणूस, सिनेमा बघून येता येता गेला, अंथरुणाला खिळला नाही, कुणाकडून करून घेतलं नाही. माफ करा. बोलणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. पण हे खोटं आहे. मास्तरांना सोन्यासारखं मरण आलं नाही. आणि ते का आलं नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणालाच नाही, मला माहीत आहे.

ही वही बघा. खाकी कव्हर घातलेली. हिच्यावर मास्तरांचं नाव आहे, पण ही वही सुरू केली मी.

वहिनी गेल्यानंतर मास्तर घराबाहेर पडेनात. चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसायचो, मी, मास्तर आणि घड्याळं दुरुस्त करणारे आपले रफीकभाई. तिघांचे दोघं राहिलो. मी घरी गेलो की मास्तर भिंतीकडं बघत बसलेले. दोघा नवरा-बायकोंना सिनेमाचा नाद होता, दर शुक्रवारी जोडीनं जायचे, ते सगळं बंद. मग गेल्या पाडव्याला मी ही वही घेऊन गेलो. म्हटलं, "मास्तर, या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत बावन्न सिनेमे. आठवड्याला एक. थेटरातच बघायचा, मोबाईलवरचा धरणार न्हाई. दिवे लागेपर्यंत बसायचं. तिकीट वहीत चिकटवायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. दोन ओळी नसल्या तर सिनेमा बाद. दर रविवारी मी तपासणार."

मास्तर म्हणाले, "अण्णा, रिटायर झालास तरी चेकिंग सुटंना व्हय तुझं?"

म्हटलं, "सुटंना."

वहिनी गेल्यानंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. मला वाटलं, जिंकलो.

आणि खरंच, सुरुवातीचे महिने बघण्यासारखे होते. मी सोबत जायचो. बाल्कनीत, मधल्या दोन खुर्च्या. सिनेमा कुठला का असेना, मास्तर रंग बघायचे. दुसऱ्या पानावर काय लिहिलंय वाचतो. "नायिकेची साडी डाळिंबी. पावसात भिजली तरी पाणी स्वच्छ. रंग पक्का, गोष्ट कच्ची." पाचव्या पानावर, "राजाचा शेला जांभळा म्हणून दाखवला, तो आमसुली आहे. एवढा खर्च केला, एक डाईंग मास्तर ठेवायचा होता." रफीकभाई हे वाचून टपरीवर एवढे हसले की चहा सांडला. दर रविवारी सकाळी मास्तर वही आणायचे, मी मोठ्यानं वाचायचो, तिकिटाचा नंबर बघायचो, तारीख बघायचो आणि लाल पेनानं सही ठोकायचो.

श्रावणात मी जायचं सोडलं. घरी सांगितलं, गुडघे दुखतात, बाल्कनीचे जिने होत नाहीत. गुडघे दुखत होते, खोटं नाही. पण खरं कारण कंटाळा. तीन-तीन तास बसायचा मला कंटाळा आला. मास्तर म्हणाले, "असू दे, मी जातो की."

आता पुढचं ऐका. मी गेल्या आठवड्यात ही वही पहिल्यापासून परत वाचली. आधी प्रत्येक रविवारी वाचली होतीच. पण ओळीनं, एका बैठकीत, पहिल्यांदा वाचली.

विसाव्या पानापर्यंत तिकिटं बाल्कनीची आहेत. मग खालची. मग पहिल्या पाच रांगांतली. दिवाळीनंतर प्रत्येक तिकीट पहिल्या रांगेचं. आम्ही बघितलं होतं बरं का. बघितलं नव्हतं असं नाही. रफीकभाई म्हणाले होते, "मास्तर, सीटी मारने कू सामने बैठते क्या?" मी म्हटलं होतं, म्हातारपणी थेर सुचलेत. मास्तर नुसते हसले होते.

अक्षर बघा. पहिल्या पानावर मुंग्यांच्या रांगेसारखं, सरळ. इथं चाळिसाव्या पानावर बघा, एकेक अक्षर बोराएवढं, आणि ओळ सोडून खाली उतरलेलं. मी काय म्हणालो होतो? "मास्तर, शाई फुकट मिळाली काय?"

आणि रंग. रंग कुठं गेले? अठ्ठाविसाव्या पानावर शेवटचा रंग आहे. "निळा असावा." त्यानंतर एकही नाही. त्यानंतर काय लिहिलंय वाचतो. "नायकाचा आवाज माझ्या थोरल्या भावासारखा." "मागं एक बाळ रडत होतं, आईनं बाहेर नेलं." "घोडे पुष्कळ होते." "शेजारचा माणूस शेवटी रडला, म्हणजे शेवट वाईट असणार."

शेवट वाईट असणार. सांगा मला, सिनेमा बघून आलेला माणूस असं लिहितो का? लहान पोराला कळलं असतं. मला कळलं नाही. मी नंबर बघत होतो, तारीख बघत होतो. पस्तीस वर्षं तिकीट बघितलं, माणसाच्या तोंडाकडं बघायची सवयच नव्हती.

मास्तरांची साखर डोळ्यांत उतरली होती. हा कागद पद्माला वहीच्या कव्हरच्या आत सापडला, तेराव्याच्या आधी. दिवाळीच्या सुमाराचा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलंय, उजव्या डोळ्यानं जवळजवळ काही दिसत नाही, डाव्यानं अंधुक. खाली लिहिलंय, एकट्यानं रस्ता ओलांडू नये.

कागद लपवला, कारण कागद दाखवला असता तर पद्मा दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला घेऊन गेली असती. तिनं फोनवर किती वेळा बोलावलं. "नायना, या की हिकडं, हितं काय हाय तुमचं एकट्याचं?" बापाला ती नायना म्हणते. मास्तर म्हणायचे, "पाडवा होऊ दे. वही पुरी झाली की येतो."

वही. माझी वही.

आता शेवटच्या रविवारचं सांगतो. हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

एकोणपन्नासावा सिनेमा. मी टपरीवर वाचला. "सिनेमात पाऊस होता असं वाटतं. गर्दी कमी होती."

मी म्हटलं, "मास्तर, वाटतं म्हंजे काय? बघितला का झोपला?"

मास्तरांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "डुलकी लागली असंल की, अण्णा."

"मग हा धरता येत न्हाई. नियम म्हंजे नियम." आणि मी लाल पेन काढून पानावर आडवी रेघ मारली. गंमत म्हणून. चारचौघांत. रफीकभाई म्हणाले, जाने दो ना अण्णा. मी म्हटलं, न्हाई, चेकिंग म्हंजे चेकिंग.

मास्तरांनी वही जवळ ओढली आणि विचारलं, "कुटं मारली रेघ?"

लालभडक रेघ. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोर. उन्हात. ज्या माणसानं आयुष्यभर लाल रंगाच्या वीस जाती वेगळ्या सांगितल्या, तो मला विचारतोय, कुठं मारली रेघ. आणि मला वाटलं, चेष्टा करतात. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि हसलो.

ते म्हणाले, "बरं. मंगळवारी परत बघून येतो."

मंगळवारी ते तोच सिनेमा परत बघायला गेले. कारण मी तो बाद केला होता. नाहीतर मंगळवारी मास्तरांना थेटराकडं जायचं काहीएक कारण नव्हतं.

टेम्पोचा ड्रायव्हर मला दवाखान्यात भेटला. पन्नाशीचा माणूस. एकच वाक्य परत परत म्हणत होता. "आजोबा माझ्याकडंच बघत होते हो. माझ्याकडंच बघत होते, तरी पुढं आले." पोलिसांना वाटलं, हा बचावासाठी बोलतोय. नाही. तो खरं बोलत होता. त्याच्यावर राग धरू नका. फाल्गुनातलं आपलं ऊन, तीन तास अंधारात बसून बाहेर आलेला माणूस, आणि तसले डोळे.

पद्मा, काल तू मला म्हणालीस, "काका, मी त्यांना ओढत न्यायला पाहिजे होतं." नाही बाई. तुला कागद माहीत नव्हता. तू कुर्डुवाडीत, तुला फोनवर फक्त आवाज ऐकू यायचा, आणि आवाज त्यांचा शेवटपर्यंत खणखणीत होता. वही तुझ्याकडं नव्हती, माझ्याकडं होती. दर रविवारी या हातात होती. तुझ्या बापानं सगळं लिहून ठेवलं होतं, आणि मोठ्यानं वाचणारा मी होतो. तेव्हा जो काही दोष असेल तो माझ्याकडं राहू दे. तू तो घेऊन कुर्डुवाडीला जाऊ नकोस. चार माणसांत सांगायला म्हणूनच मी आज उभा राहिलो.

परवा मी त्या थेटरात गेलो. सिनेमा अजून चालू आहे. दारावरचा माणूस मास्तरांना ओळखत होता. म्हणाला, त्या मंगळवारी दिवे लागल्यावर सगळ्यांत शेवटी उठले, खुर्च्यांना हात लावत लावत बाहेर आले. म्हणजे दिवे लागेपर्यंत बसले होते. नियम पाळला होता.

मी पहिल्या रांगेत बसलो. दहा मिनिटांत मान अवघडली. एवढ्या जवळून काही कळत नाही हो, नुसती हलणारी तोंडं. तसाच बसलो. मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. अंधारी गल्ली, पत्र्याच्या आडोशाला दोन माणसं उभी. काळोख इतका की मला धड दिसेना. पण पत्र्यावर आवाज येत होता, टपटप, टपटप. मग वीज चमकली आणि दिसलं.

पाऊस होता.

मंडळी, या वहीचा चेकर मी होतो. तपासून सांगतो. सिनेमात पाऊस होता. मास्तरांची नोंद बरोबर होती आणि माझी रेघ चुकीची होती. ती रेघ आता काही केल्या जात नाही. मी खोडरबरानं घासून बघितली, पान फाटायला आलं.

मंगळवारचं तिकीट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. पद्मानं माझ्याकडं दिलं. ते मी पुढच्या पानावर चिकटवलंय. खाली सही केली आहे. पण तिकिटाखालच्या दोन ओळी कोऱ्या आहेत. त्या लिहायला ते घरी पोचलेच नाहीत. मी लिहिणार नाही. मला तो अधिकार नाही. दोन ओळी नसल्या तर सिनेमा बाद, हा नियम माझा होता. तो आज मी मोडतो.

सभेत दोन मिनिटं उभं राहायची आपली रीत आहे. आज ती दोन मिनिटं त्या दोन ओळींसाठी द्या. एका ओळीला एक मिनिट. आणि माझी एक विनंती आहे, डोळे मिटून उभे राहा.

मास्तर, माझा नमस्कार घ्या. एकोणपन्नासावा सिनेमा धरला.

उठा मंडळी.