माळ्यावरचा कंदील

फ्रेमवाल्याकडे माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. त्यांचे वडील हयात असताना दर नाताळला खिडकीतल्या कंदिलाचं तळहाताएवढं चित्र काढायचे. त्यातलं एक आज थोरलीच्या पदरात पडणार होतं, तेही धाकटीच्या मर्जीने.

“हे घे, ताई. तू पळून जाऊन लग्न केलंस ना, त्या वर्षीचं.”

“त्या वर्षी बाबांनी कंदील लावूच दिला नव्हता म्हणे?”

“नव्हताच. माळ्यावर पडून होता.”

“अगं, पण चित्रात तर पेटलाय!”

“म्हणून तर तुला देतेय.”

“मग बाबांनी तेव्हाच का नाही पाठवलं?”

“तुझा पत्ता विचारायला कमीपणा वाटला असेल.”

“मी तरी कुठे कळवला!”

“नाहीच कळवलास. तुम्हा दोघांचा ताठा शाबूत राहिला. अंधारात नाताळ काढला तो आईने.”