मागचा जिना

रेणुकादास : स्टेजवर येणार नाही म्हणजे? गंगम्मा, तीस तारखेला भूकंपाच्या स्मृतिदिनाला आपल्या क्लासचा सगळा स्टाफ असणार आहे. मेसच्या बायकांनासुद्धा पांढरे टी-शर्ट दिलेत.

गंगम्मा : शर्टाचं काय न्हाई साहेब, साडीवरून घालू. स्टेजवर मी चढनार न्हाई.

रेणुकादास : अहो, क्लासचे मालक आपले अमरनाथ सर, त्यांनी भूकंपातलं गाव दत्तक घेतलं. तुम्ही त्याच भागातल्या. दोन मिनिटं बोलायचं. लिहून दिलंय ना मी?

गंगम्मा : मेसमधल्या सुमनबाईनं वाचून दाखवलं. 'माझं सगळं गेलं, सरांनी मला आधार दिला.' कवा दिला? बारा वर्सं दोनशे पोरींचा सैपाक करून राहिले मी. ह्याला आधार म्हनत न्हाईत, काम म्हनतात.

रेणुकादास : भाषणात असंच असतं. कलेक्टर ऑफिसची माणसं येणार, पेपरवाले येणार. दप्तरं वाटायची, झाडं लावायची. वाईट आहे का काही?

गंगम्मा : वाटा की. लई चांगलं. पन आपल्या होस्टेलच्या मागच्या जिन्याला कुलूप का हाय?

रेणुकादास : त्याचा इथे काय संबंध?

गंगम्मा : पायऱ्यांवर छतापस्तोर नोट्सचे गठ्ठे. चार मजले, आन् उतरायला एकच वाट. तीनदा सांगितलं तुमाला.

रेणुकादास : लातुरात गोडाऊन मिळतंय कुठे? परीक्षा होऊ द्या, मग बघू. शिवाय मागच्या दारानं मुली बाहेर जातात, पालक ओरडतात.

गंगम्मा : आमच्या घरालाबी एकच दार होतं. दगडं नेमकी तिथंच पडली. मी भायेर, लेक आत. दुपारपस्तोर आवाज येत होता तिचा.

(रेणुकादास हातातल्या भाषणाच्या कागदाची घडी घालतो.)

रेणुकादास : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

गंगम्मा : स्टेजवर बोलू का? कलेक्टरची मानसं समोरच असतील. त्यायला जिनाबी दाखवते.

रेणुकादास : धमकी देताय मला?

गंगम्मा : हाव. तसंच समजा.

रेणुकादास : सर काढून टाकतील. तुम्हालाही, मलाही.

गंगम्मा : काढू द्या. मेसच्या साती जनी आत्ता जिन्यापाशी हुभ्या हायेत, गठ्ठे उचलायला. वीरभद्र वॉचमन कुलूपच तोडनार होता. म्या म्हनलं, थांब, साहेबाला एकदा किल्ली मागून बघते.

रेणुकादास : आणि एवढे गठ्ठे ठेवणार कुठे?

गंगम्मा : सरांच्या केबिनीपुढं. मोप जागा हाय.

रेणुकादास : ...ही घ्या किल्ली. कुलूप गंजलंय, जोर लावावा लागेल.

गंगम्मा : लावू की. आठ जनी हाव.

रेणुकादास : गंगम्मा, लेकीचं नाव काय होतं?

गंगम्मा : भाषनात घालायला?

रेणुकादास : नाही.

गंगम्मा : सुकन्या.