चित्रकाला दिलेलं आवतण

माझ्या पदविकेच्या फाईलमध्ये एक पान कोरं का, ते सरांना सांगता आलं नाही, तुम्हाला सांगतो. माझी शाळा नववीतच सुटलेली, त्यामुळे मुक्त विद्यापीठाच्या या औषधी वनस्पतींच्या कोर्समध्ये मला काहीही करून पास व्हायचं होतं. फाईलमध्ये चिकटवायचा एकच नमुना राहिला होता, मुळासकट चित्रक. जासईत कंटेनर यार्डाच्या कुंपणाबाहेर त्याचं एक झुडूप सापडलं.

आई म्हणाली, "औषधी झाड हाय. आदल्या सांजेला आवतान दे, मगच उपट."

मी लाजत लाजत गेलो, बुंध्याशी हळद लावलेले तांदूळ ठेवले आणि हळूच म्हणालो, "उद्या सकाळी माझ्या घरी चल."

सकाळी गेलो, तर जेसीबीने ती सगळी जागा सपाट करून टाकलेली. रिकाम्या हाताने परत आलो. आई अंगणातच उभी होती.

"कवा लावलास रं?" तिने विचारलं.

तुळशीशेजारी, लाद्यांच्या फटीत, चित्रक उभा होता. त्याच्या बुंध्याशी माझे पिवळे तांदूळ तसेच होते.

मग फाईल आठवली आणि मी खुरपं उचललं. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"तूच बोलावलंस ना त्याला? मग पाहुन्याला उपटतात का रं?"