युकुलेलेच्या चार तारा

बारामती-इंदापूर एसटीत करुणाच्या पुढच्याच बाकावर गायक भानुदासतात्या आणि त्यांचा पुतण्या भूषण बसले होते. भूषणच्या मांडीवर इवलीशी गिटार होती.

"तात्या, किरवाणी रागाचे तीन-तीन सूर घेऊन सात कॉर्ड बांधल्यात. अंथुर्ण्याच्या कार्यक्रमात मला स्टेजवर घ्याल न्हवं?"

"ह्या खेळण्यासंगं?"

"युकुलेले म्हणत्यात त्याला. ऐका... आरं, ह्ये असं का वाजतंय? काल तर बरूबर व्हतं!"

"खुंट्या ढिल्या वाटल्या. सकाळी मीच पिळल्या."

"कशा?"

"तंबोऱ्यागत. एक पंचम आन् तीन सा."

"तात्या! माझ्या सातीच्या साती कॉर्ड गेल्या की!"

"बोटं उचल. नुसत्या तारा छेड. हां... आता कसं भरलं! घेतला तुला स्टेजवर."

"आन् माझ्या कॉर्ड?"

"त्या परतताना एसटीत वाजीव."

करुणानं पुढं वाकून विचारलं, "तात्या, तुमची परतीची एसटी कितीची हाय?"