कात्री लावण्याआधी

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे अधीक्षकसाहेब, प्रमुख पाहुण्या, शिवणखोलीतल्या माझ्या मैत्रिणी आणि पहिल्या रांगेत माझ्या भेटवस्तू सांभाळत बसलेली माझी घरची मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मध्येच मी मागं वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला निरोप देताहेत की काय! रुग्णालयाच्या चादरी आणि ऑपरेशनचे झगे शिवण्यात माझी सगळी नोकरी सरली. लेखिका मी जेवणाच्या सुट्टीतली. कापायच्या टेबलाचा एक कोपरा, एवढंच माझं साहित्यविश्व.

आमच्या खोलीत एक रीत आहे. कापडाला कात्री लावण्याआधी काय कापतोय ते मोठ्यानं म्हणायचं. का? तर एकदा एकीनं चादरींच्या अख्ख्या ताग्याचे उशांचे अभ्रे कापून ठेवले होते. वॉर्डात उशा झकास, अंथरायला काही नाही.

एका दुपारी मी कोऱ्या कागदासमोर पेन धरून बसले होते. मशीनवरची आमची थोरली ताई म्हणाली, "अगं, मोठ्यानं म्हण की."

मी म्हटलं, "आज दोन पानं लिहीन."

तिनं दातानं दोरा तोडला. "हे झालं माप. आज कुणाला भ्यायचं नाही, ते बोल."

बाईमाणूस लिहायला बसलं, की कागदाभोवती सगळं घर गोळा होतं, नाही का? हे वाचून नवरा काय समजेल, शेजारीण स्वतःला ओळखेल का? शेवटी हळूच म्हटलं, "आज सासूबाईंना." आणि त्या दुपारी मनातलं सरळ कागदावर आलं. पुढं ती कथा छापून आली. सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "मी एवढी जाडी नाही. बाकी ठीक आहे."

तेव्हापासून लिहिण्याआधी रोज एक नाव घेते. साहेब, तुमचंही एकदोनदा घेतलंय, राग मानू नका.

आता जरा घरचं बोलते. मघाशी चहाच्या वेळी माझा मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "आई आता मोकळीच. सोमवारपासून नात तिच्याकडे." मला कुणी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं मला. नात माझा जीव की प्राण आहे. पण माझी कादंबरी अर्धी झालीय, आणि आज मान डोलावली तर ती अर्धीच राहणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. टेबलाचा तो कोपरा मी इथं सोडून चाललेय. घरात तसा कोपरा अजून नाही.

खरं तर मी इथंच आभार मानून खाली बसणार होते. पण तिसऱ्या रांगेतून ताई बघतेय माझ्याकडे. ती काय विचारतेय, ते मला कळतंय.

तर ताई, मोठ्यानं म्हणते. आज मुलाला भ्यायचं नाही. बाळा, सकाळी मी आतल्या खोलीचं दार लावून लिहिणार. दुपारच्या जेवणानंतर नात माझी. सकाळचं तू आणि सूनबाई बघा. आणि अहो, तुम्ही हसू नका, सकाळचा चहा तुमच्याकडे.

इतकं प्रेम दिलंत, मी सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. शेवटचं तेवढं मात्र पोटात घालू नका, लक्षात ठेवा.