भिंतीवर लावायचा फोटो

—नाही, बसतो ना, बसायला माझी ना कुठाय. फक्त एवढंच सांगा, हा फोटो कशासाठी? प्रसिद्धीसाठी म्हणू नका. प्रसिद्धीच्या फोटोला मालिकेतलं सगळं कुटुंब बोलावतात, सुना नटून येतात, या मेकअपच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. आज मी एकटाच. तोही पहिल्या सीनच्या आधी, आणि वर निरोप काय, तर फिकट रंगाचा शर्ट घाला. तुम्ही फोटोग्राफर इथे नवे, तुम्हाला माहीत नसेल, पण मी या मालिकेत अकरा वर्षं काढलीत. फिकट शर्टाचा अर्थ मला कळतो.

तुम्हाला वाटेल, म्हातारा मरणाला घाबरला. छे. मी चौदा वेळा मेलोय. दोनदा जिन्यावरून पडून—तोच जिना बरं का, दोन वेगळ्या मालिका, मधे नुसता रंग दिला होता. सिनेमात एकदा नायकानं बोटीतून ढकललं, पाणी माझ्या कमरेएवढं, बुडायला मला गुडघे टेकावे लागले. आणि एकदा विष पिऊन मेलो, तीन दिवस प्रेत म्हणून पडून होतो, तिसऱ्या दिवशी नाकावर माशी बसली आणि शिंकलो. दिग्दर्शक म्हणाला, असू दे, चांगलं वाटतंय. त्यानंतर मी दीड वर्ष जिवंत होतो त्या मालिकेत. खोटं नाही सांगत—बरं, सव्वा वर्ष. तर मरणाचं काही नाही हो. मेलेला माणूस आमच्याकडे परत येतो—प्रेत सापडलेलं नसतं, नाहीतर जुळा भाऊ निघतो. पण एकदा का दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो चढला की संपलं. तो खिळा लेखिकाबाईंनाही उपटता येत नाही.

थोरल्यांचं तेच झालं. थोरले म्हणजे मालिकेतले माझे मोठे भाऊ, घरातले कर्ते. नाटकातला माणूस, आवाज असा की ट्रेमधले कप वाजायचे. मी धाकटा, सोफ्याच्या टोकाला बसायचो आणि म्हणायचो, 'दादा म्हणतात ते बरोबर आहे.' पाच वर्षं तेवढंच. भाजी आणायला गेलो तरी लोक म्हणायचे, ते बघा, बरोबर आहेवाले. मग थोरले वाक्यं विसरायला लागले. आधी एखादं. मग सुनेला मुलीच्या नावानं हाक. मग एक दिवस सेटवरच्या खोट्या दारातून बाहेर गेले आणि पलीकडे नुसतेच उभे राहिले, कुठे जायचं ते कळेना. त्याच दुपारी चहा पिताना मी लेखिकाबाईंना म्हणालो, 'दादांची काळजी वाटते हो.' बस्स. एवढंच. काळजीच होती ती—असं बघू नका माझ्याकडे, तुमचं काम कॅमेऱ्यातून बघायचं. आठवड्याभरात थोरल्यांना फिकट शर्टात बसवलं, इथेच, याच खुर्चीत. आणि मी सोफ्याच्या मधोमध आलो.

फोटोशी बोलायचे माझे सीन बघितलेत ना? तुमच्या आई बघत असतील. सगळ्यांच्या आया बघतात. 'दादा, आज तुम्ही असता तर'—आणि पुढे अडीच मिनिटं, पापणी न लववता, एका टेकमध्ये. लोक म्हणतात, काय नजर आहे, भावाच्या चेहऱ्यावरून हलत नाही. हलेल कशी? वाक्यं तिथंच असतात. कॅमेरा माझ्या तोंडावर असताना फोटोची काच कोणाला दिसते? मी चिठ्ठ्या चिकटवतो. थोरल्यांच्या कपाळावर पहिलं वाक्य, दोन्ही गालांवर पुढची, हनुवटीवर कुठे रडायचं ते. वर्तमानपत्र वाचणारे काका म्हणून माझं एवढं कौतुक होतं, त्या वर्तमानपत्राच्या आतही तेच.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं? तुम्ही गप्प बसता म्हणून. समोरचा गप्प असला की माझी जीभ घसरते. विसरून जा. विसरणं सोपं असतं, मला विचारा.

हे विसरणं सुरू होऊन आता दोन वर्षं होतील. आधी नुसती लांब वाक्यं जायची, माणूस म्हणतो, वय झालं. पण परवा घरी गॅसपाशी उभा होतो, हातात लायटर. बायको म्हणाली, 'चहा टाकताय ना?' मी म्हटलं, 'हो, मग काय?' पण ती म्हणेपर्यंत मला ठाऊक नव्हतं हो, मी तिथे कशाला उभा आहे ते. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी—'आज शूटिंग आहे. गाडी आठला येईल.' तिच्या अक्षरात. आणि ती मला बघून लगेच मोरीकडे वळली, भांडी घासत बसली. आदल्या रात्रीच घासलेली भांडी.

तुम्हाला वाटतंय, काम जाईल म्हणून घाबरलोय. काम जाईल, जाऊ दे. पण इथे रोज सकाळी कोणीतरी हातात कागद देतं. आज तुम्ही कोण, कुठून आलात, कोणावर चिडलात, कोणाला माफ करायचंय—सगळं लिहिलेलं. घरी तो कागद कोण देणार मला? बायको किती चिठ्ठ्या लिहील?

आणि हा जावई. मालिकेतला माझा जावई, गोड पोरगा. हल्ली रोज विचारतो, काका झोप लागली का, काका गोळी घेतली का. काल लेखिकाबाईंच्या खोलीतून बाहेर आला, हातात रिकामा कप. माझा हात धरून म्हणाला, 'काका, तुमची काळजी वाटते.' ते वाक्य मी ओळखतो हो. इतकी वाक्यं विसरलो, ते नाही विसरलो.

म्हणून म्हणतो, माझं एक ऐका. मी डोळे मिटतो, तुम्ही हात हलवा, पाच-सहा फोटो वाया घालवा आणि सांगा, माणूस नीट बसतच नाही. फोटोच नसला तर मारता येत नाही, निदान महिनाभर तरी—

काय? मघापासून काढताय? मी बोलत असताना? बघू.

...

हा नको. हा माणूस फार घाबरलेला आहे. याच्यापुढे उभं राहून कोणाला काही बोलता यायचं नाही. पुसून टाका तो. दुसरा काढा. हे बघा, बसलो सरळ. बघतो तुमच्याकडे. हसू केवढं? ओठ मिटून, बरोबर. आणि कपाळ जरा मोठं येऊ द्या, पुढेमागे जावयाला जागा लागेल. घ्या.

झालं? दोनच?

फोटोच्या पाकिटावर नाव? लिहा की, काका. नाही, ते मालिकेतलं—बरं, माझं स्वतःचं हवंय. सांगतो ना. चाळीस वर्षं पडद्यावर येतंय, त्यात काय विचारायचं. लिहा... एक मिनिट. अगदी ओठांवर आहे. असं पेन धरून उभे राहू नका हो, घाई केली की...

दारावर आहे. या खोलीच्या, बाहेरच्या बाजूनं, कागद लावलाय. जाताना त्यावरून लिहून घ्या. आणि दार ओढून घ्या मागे.